टाकाऊ लाकूड आणि सिमेंटची भट्टी : वाचकांचे प्रश्न

सिमेंटच्या भट्टीत कोळशासोबत टाकाऊ लाकूड जाळण्याविषयी मागील अंकात एक छोटे टिपण लिहिले होते. त्यावर सर्वाधिक पत्रे चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतून आली, यात नवल नाही. घुग्घुस, गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, नारंडा आणि मुकुटबन या गावांची नावे आपल्याकडे सिमेंटमुळेच सर्वदूर झाली आहेत, आणि त्याच परिसरात सागाचे जंगल, आरागिरण्या, कोळशाच्या खाणी आणि कापसाची वावरे एकमेकांना खेटून आहेत. प्रस्तुत लेखकाची नोकरी एका सिमेंट कारखान्याच्या प्रयोगशाळेत इंधनाची ओल आणि राख मोजण्यात गेली, तेव्हा उत्तरांत त्या टेबलाचा वास आल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : आमची आरागिरणी आहे. सागाचा आणि आडजात लाकडाचा भुसा, साली व तुकडे आम्ही पूर्वी वीटभट्टीवाल्यांना देत होतो. गेल्या वर्षापासून एका सिमेंट कारखान्याने तो माल घेणे सुरू केले. पावसाळ्यात मात्र काट्यावर पूर्ण वजन भरूनही ‘ओल जास्त आहे’ असे सांगून जवळपास निम्मी रक्कम कापण्यात आली आणि एक गाडी तर दारातूनच परत पाठवण्यात आली. वजन पूर्ण असताना पैसे कापणे हा अन्याय नाही काय? (एक आरागिरणीमालक, ता. गोंडपिपरी)

कपात कोणत्या हिशेबाने झाली, हे आपल्या पत्रावरून कळत नाही; परंतु ओलीसाठी पैसे कापणे हे मुळातच अन्यायाचे आहे, असे म्हणता येणार नाही. काट्यावर वजन भरते ते लाकडाचे आणि पाण्याचे मिळून, तर कारखाना विकत घेतो ती उष्णता. ताज्या चिरलेल्या लाकडाच्या भुशात निम्मे वजन पाण्याचे असू शकते. अशा भुशापासून किलोमागे हाती लागणारी उष्णता १,९०० किलोकॅलरीच्या आसपास असते, आणि तोच भुसा वीस टक्के ओलीपर्यंत वाळवला तर ती ३,४०० च्या जवळ जाते.

आपण दहा टन ओला भुसा गाडीत भरला, असे धरू. त्यात पाच टन कोरडे लाकूड आणि पाच टन पाणी आहे. तो अंगणात पसरून वीस टक्क्यांवर आणला, तर वजन सव्वासहा टन उरेल, म्हणजे पावणेचार टन ‘माल’ हवेत उडाला असे आपल्याला वाटेल. उष्णतेचा हिशेब मात्र उलट आहे. दहा टन ओल्या भुशातून सुमारे १ कोटी ९० लाख किलोकॅलरी मिळतात, तर सव्वासहा टन वाळलेल्या भुशातून २ कोटी १० लाखांहून अधिक मिळतात, आणि शिवाय पावणेचार टन पाण्याचे डिझेल वाचते.

भट्टी चालवणाऱ्याच्या दृष्टीने पाणी आणखी एका कारणाने नकोसे असते. इंधनासोबत आलेले पाणी वाफ होऊन प्रीहीटरच्या, म्हणजे कच्चा माल भट्टीत जाण्याआधी गरम वायूंनी तापवणाऱ्या उंच मनोऱ्याच्या, वरच्या तोंडातून सुमारे ३५० अंश सेल्सिअसला बाहेर पडते, आणि एक किलो पाण्याला तिथवर नेण्यासाठी सातशेहून अधिक किलोकॅलरी खर्ची पडतात. आधुनिक भट्टीत एक किलो क्लिंकर (भट्टीतून निघणारे भाजलेले खडे, जे दळून सिमेंट होते) भाजायला लागणारी उष्णताही साधारण तेवढीच, म्हणजे ७२० ते ७५० किलोकॅलरी असते. म्हणजे आपल्या गाडीतल्या प्रत्येक किलो पाण्यापायी जवळपास एक किलो क्लिंकरची उष्णता वाया जाते. त्यातच ती वाफ ओढून नेणारा मोठा पंखा बहुधा आधीच पूर्ण क्षमतेने चालू असतो. वाफेने जागा अडवली की हवा कमी पडते आणि भट्टीचे उत्पादन खाली येते. परत आलेल्या गाडीचे कारण बहुतेक यातच सापडेल.

तरीही आपली तक्रार सर्वस्वी गैर आहे, असे मी म्हणत नाही. नमुना कोणी, कोठून आणि किती वेळा घेतला, हे पुरवठादाराला दिसलेच पाहिजे. गाडीच्या वरच्या थरातला पावसाने भिजलेला पसाभर भुसा उचलून संपूर्ण दहा टनांची ओल ठरवण्याचे प्रकार मी स्वतः पाहिले आहेत, आणि अशा नमुन्यावर बेतलेली कपात टिकणारी नसते. गाडी रिकामी होत असताना निरनिराळ्या खोलीवरून नमुने घ्यावेत, ते एकत्र मिसळून त्यातील एक भाग आपल्या सहीने मोहोरबंद ठेवावा आणि ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवून ओल काढावी, अशी अट करारात घालून घ्या. दरही टनावर न ठेवता उष्णतेवर ठेवण्याचा आग्रह धरा; मग वाळवण्याची मेहनत आपल्याच खिशात परत येईल.

वाळवण्यासाठी वैदर्भीय उन्हाळ्याइतके स्वस्त यंत्र दुसरे नाही. मार्च ते मे या काळात भुसा वीतभर थरात पसरून दिवसातून दोनदा फावड्याने परतला की काम होते. ओल्या भुशाचा उंच ढीग करून मात्र ठेवू नका, कारण तो आतून तापतो आणि कधीकधी पेटतो. तसेच गिरणीच्या आवाराची झाडलोट त्यात लोटू नका. मुरूम आणि रेती भट्टीत गेली की कच्च्या मालातील सिलिकाचे प्रमाण बिघडते, आणि सालीच्या लांब पट्ट्या भट्टीच्या तोंडाशी असलेल्या झडपेत अडकून बसतात. खिळे चुंबकाने निघतात. दगड निघत नाहीत.

प्रश्न : आमच्या गावापासून कारखाना तीन किलोमीटरवर आहे. आता तेथे लाकूड व इतर कचरा जाळणार, असे ऐकतो. कोळशाची धूळ आम्ही आधीच खात आहोत. त्यात हा विषारी धूर वाढणार काय? ग्रामपंचायतीने नेमके काय विचारावे? (एक महिला सरपंच, ता. कोरपना)

ताई, आपल्या प्रश्नाचे दोन भाग करावे लागतील, कारण स्वच्छ लाकूड ही एक गोष्ट आहे आणि ‘इतर कचरा’ ही दुसरी.

स्वच्छ लाकडात गंधक अत्यल्प असते आणि राख सहसा वजनाच्या एक-दोन टक्क्यांहून जास्त निघत नाही, तर आपल्या खाणींतील कोळशात ती तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत जाते. भट्टीतील ज्योतीचे तापमान २,००० अंशांच्या घरात असते आणि वायू भोवतालच्या चुन्याच्या भुकटीतून जात असल्याने त्यांतील आम्लधर्मी भाग तिथेच बांधला जातो. चुलीत किंवा वीटभट्टीत जळणाऱ्या लाकडाशी याची तुलना होऊ शकत नाही. अडचण येते ती लाकडाचे तुकडे मोठे असले तर. प्रीहीटरच्या तळाशी कॅल्सायनर नावाचा भाग असतो, त्याचे तापमान ८५० ते ९०० अंशच असते आणि भट्टीचे निम्म्याहून अधिक इंधन तिथे जळते. जाड तुकडा तिथे पूर्ण जळण्याआधीच पुढे ढकलला जातो आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. म्हणून लाकूड बारीक करून घालणे हा प्रदूषणाचाही प्रश्न आहे.

‘इतर कचऱ्या’बाबत मात्र कागद मागा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात कोणकोणते टाकाऊ पदार्थ किती प्रमाणात जाळण्यास परवानगी आहे, हे लिहिलेले असते. त्या यादीबाहेरचा पदार्थ भट्टीत जाता कामा नये. टाकाऊ पदार्थ जाळणाऱ्या सिमेंट कारखान्यांसाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये स्वतंत्र उत्सर्जन मर्यादा ठरवल्या. त्यांत धूलिकण घनमीटरमागे ३० मिलिग्रॅम, तर डायॉक्सिन व फ्युरान ही अतिविषारी संयुगे ०.१ नॅनोग्रॅम इतकीच चालतात. धुराड्यावरील यंत्राची नोंद सतत मंडळाकडे जाते, परंतु डायॉक्सिन त्या यंत्राला दिसत नाही. त्यासाठी वेगळा नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. तेव्हा ‘शेवटची डायॉक्सिन चाचणी कधी झाली आणि तिचा अहवाल कोठे आहे’ हा प्रश्न ग्रामसभेच्या ठरावात शब्दशः लिहून द्या.

माझ्या अनुभवाने गावाला रोज जाणवणारा त्रास धुराड्यापेक्षा रस्त्यावरून अधिक येतो. भुसा कोळशापेक्षा कितीतरी हलका असल्याने तेवढ्याच उष्णतेसाठी गाड्यांची संख्या वाढते. ताडपत्रीशिवाय गाडी गावातून जाणार नाही आणि शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी तर नाहीच, ही अटही त्याच ठरावात घाला.

प्रश्न : लाकडावर भाजलेले सिमेंट कमजोर निघते, असे साइटवर बोलतात. खरे काय? (एक गवंडी, ता. वणी)

खरे नाही. इंधनाची राख क्लिंकरमध्येच मिसळून जाते आणि तिचा हिशेब धरूनच कच्चा माल जुळवलेला असतो. लाकडाची राख कोळशाच्या राखेपेक्षा फारच थोडी, आणि तिच्यात चुना बराच असतो. सिमेंट कोणत्याही इंधनावर भाजलेले असो, भारतीय मानकानुसार २८ दिवसांच्या ताकदीची चाचणी त्याला उत्तीर्ण व्हावीच लागते. स्लॅबला चिरा पडतात त्या बहुधा जादा पाण्याने आणि अपुऱ्या क्युरिंगने, हे आपल्याला माझ्याहून अधिक ठाऊक असेल.

प्रश्न : आमच्याकडे दरवर्षी कापूस निघाल्यावर पऱ्हाटी धुऱ्यावर रचून ठेवतो, नाहीतर पेटवून देतो. ती सिमेंट कारखान्याला विकता येईल काय? (एक शेतकरी, ता. झरी-जामणी)

येईल, पण आज ज्या स्वरूपात ती आपल्या धुऱ्यावर आहे, त्या स्वरूपात नाही.

पऱ्हाटी हे एक प्रकारचे लाकूडच आहे, आणि वाळलेल्या पऱ्हाटीची उष्णता जळाऊ लाकडाच्या तोडीस तोड असते. हेक्टरी साधारण दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते. परंतु तिचा भारा म्हणजे निम्मी हवा असते. ट्रॅक्टरची ट्रॉली शीगेला भरली तरी काट्यावर वजन दिसत नाही, आणि वीस-पंचवीस किलोमीटर गेल्यावर भाड्यातच सगळे जाते. म्हणून वावरातच कुट्टी करणे, आणि जमल्यास पाच-सात गावांमिळून ब्रिकेट (दाबून केलेल्या इंधनाच्या विटा) किंवा पेलेट (तशाच बारीक गोळ्या) तयार करणे, एवढाच व्यवहार्य मार्ग दिसतो. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून ब्रिकेट, पेलेट आणि पार्टिकल बोर्डही तयार करून दाखवले आहेत, आणि संस्थेचे एक केंद्र नागपुरातही आहे. एकट्या शेतकऱ्यापेक्षा शेतकरी उत्पादक कंपनीने तिथे चौकशी केलेली बरी.

कारखान्याच्या बाजूनेही दोन शंका निघतात आणि त्या रास्त आहेत. पऱ्हाटीत, विशेषतः तिची बोंडे, पाने आणि बारीक फांद्या यांत, खोडाच्या लाकडापेक्षा पोटॅश व क्लोरीन जास्त असते. हे पदार्थ भट्टीच्या उष्ण भागात वाफ होऊन वर जातात, प्रीहीटरच्या थंड भागात पुन्हा घट्ट होतात आणि आतल्या भिंतींवर थर चढवतात; थर वाढला की सायक्लोन (प्रीहीटरमधील नरसाळ्यासारखे भांडे) तुंबतो आणि भट्टी बंद करून तो फोडावा लागतो. थोड्या प्रमाणात पऱ्हाटी चालते, सरसकट नाही. दुसरी शंका हंगामाची. पऱ्हाटी निघते जानेवारी ते मार्च या काळात, आणि भट्टी चालते बारमाही. साठवण कोण करणार आणि आगीची जबाबदारी कोणाची, हे करारात नसेल तर पहिल्याच उन्हाळ्यात भांडण ठरलेले आहे.

एक गोष्ट मात्र कारखान्याची वाट न पाहता करावी. धुऱ्यावर रचलेल्या पऱ्हाटीतील किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी मुक्काम करते आणि पुढच्या हंगामात आपल्याच वावरात उतरते. ग्राहक मिळो वा न मिळो, फरदड (वेचणीनंतर त्याच झाडांवर पुन्हा धरलेले पीक) न घेता पऱ्हाटी वेळेवर उपटून तिची कुट्टी करावी. कुट्टी विकली गेली नाही तरी तिचे कंपोस्ट होते, आणि आपल्या हलक्या जमिनींना त्याची गरज भट्टीपेक्षा कमी नाही.

प्रश्न : लाकूड जाळले तरी कार्बन डायऑक्साइड निघतोच. मग ते कोळशाहून चांगले कसे? (बारावीचा एक विद्यार्थी, राजुरा)

निघतो, आणि तेवढ्याच उष्णतेसाठी कदाचित कोळशाहून थोडा अधिकच निघतो. फरक आहे, तो कार्बन आला कोठून यात. कोळशातील कार्बन कोट्यवधी वर्षे जमिनीखाली होता. भुशातील कार्बन झाडाने गेल्या काही दशकांत हवेतून घेतला होता, आणि भुसा उकिरड्यावर कुजला असता तरी तो हवेत परत गेलाच असता. म्हणून सिमेंट उद्योगाच्या कार्बन हिशेबात शुद्ध जैविक इंधनाचा कार्बन वेगळा नोंदवून एकूण बेरजेत शून्य धरतात. हे शून्य ‘टाकाऊ’ या शब्दावर उभे आहे. उभे झाड भट्टीसाठी पाडले, तर तेवढे झाड पुन्हा वाढेपर्यंतची सगळी वर्षे तो हिशेब खोटा असतो.

दुसरी गोष्ट आपण रसायनशास्त्रात शिकला आहातच. १०० किलो कॅल्शियम कार्बोनेट तापवले की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. एक टन क्लिंकरमागे सुमारे ०.८५ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, त्यातला ०.५ टनाहून अधिक थेट चुनखडीतून येतो आणि उरलेला इंधनातून. म्हणजे उद्या संपूर्ण भट्टी लाकडावर चालवली तरी मोठा वाटा जसाच्या तसा राहील. तो कमी करायचा तर क्लिंकरच कमी वापरावे लागते, आणि औष्णिक वीजकेंद्राची राख १५ ते ३५ टक्के मिसळून केलेले पोझोलाना सिमेंट हा त्यावरचा आपल्या जिल्ह्यातला सहज मिळणारा उपाय आहे. लाकडाचा जेवढा गाजावाजा होतो तेवढा या राखेचा होत नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

प्रश्न : जुना वाडा पाडत आहोत. दारे, चौकटी, रंगवलेल्या फळ्या, प्लायवूड आणि रेल्वेचे चार-पाच जुने लाकडी स्लीपर निघाले आहेत. हे सगळे कारखान्याला द्यावे काय? (एक वाचक, ता. वरोरा)

सर्वप्रथम, सागाच्या चौकटींना हात लावू नका. जुन्या वाड्यातला पक्का वाळलेला साग सुतार आजही डोळे झाकून घेतो, आणि त्याला ‘टाकाऊ’ म्हणणारा भंगारवाला आपल्या अज्ञानावर नफा कमावतो आहे.

उरलेल्या मालाचे ढीग वेगळे करा. जर्मनीत २००२ च्या जुन्या लाकडाविषयीच्या नियमानुसार असे चार वर्ग पाडतात : निव्वळ नैसर्गिक लाकूड, सरस किंवा साधा रंग लावलेले, पीव्हीसीसारखे क्लोरीनयुक्त आवरण असलेले, आणि कीड-वाळवी लागू नये म्हणून रसायन मुरवलेले. आपल्याकडे अशी पद्धत रूढ नसली तरी घरगुती पातळीवर ती उपयोगी पडते. प्लायवूड आणि साधा रंग असलेल्या फळ्या परवानगी असलेली भट्टी घेऊ शकते. क्रिओसोट हे डांबरी तेल मुरलेले स्लीपर आणि तांबे-क्रोमियम-आर्सेनिकची प्रक्रिया केलेले हिरवट खांब मात्र संमतीपत्रात स्पष्ट उल्लेख असेल तरच, आणि तेही कॅल्सायनरऐवजी मुख्य ज्योतीकडे जायला हवेत. यांतले काहीही चुलीत, शेकोटीत किंवा लग्नाच्या आचाऱ्याच्या भट्टीत जाऊ देऊ नका. रंग मारलेल्या जुन्या फळीत शिसे असू शकते, आणि त्या धुरावर शिजलेले अन्न घरची मुलेच खातात.

प्रश्न : कारखाने लाकूड विकत घेऊ लागले, तर आमच्या बायांना सरपण कोठून मिळेल? आताच रानात कोसभर आत जावे लागते. (एका महिला बचत गटाच्या अध्यक्षा, ता. जिवती)

आलेल्या पत्रांत हा प्रश्न मला सर्वात महत्त्वाचा वाटला, म्हणून आधी भट्टीची भूक किती असते ते सांगतो.

दिवसाला ५,००० टन क्लिंकर काढणारी एक भट्टी धरा. तिच्या एकूण उष्णतेपैकी केवळ दहा टक्के लाकडातून द्यायची म्हटली, तर चांगले वाळलेले लाकूड रोज १०० टनांहून अधिक लागेल. पंचवीस किलोची एक मोळी धरली तर ताई, त्या रोजच्या चार हजारांवर मोळ्या झाल्या. आणि पऱ्हाटीच्या भाषेत बोलायचे तर वर्षाला सुमारे चौदा हजार हेक्टरांवरील पीक. आरागिरण्यांचा भुसा एवढ्या भुकेला पुरणारा नाही. मागणी आली आणि दर चढला, की ‘टाकाऊ’ची व्याख्या सैल होत जाते. आधी भुसा, मग फांद्या, मग वठलेले झाड, आणि मग वठवलेले झाड. हा क्रम मी कोणावर आरोप म्हणून लिहीत नाही. दर हा कोणालाही मोहात पाडतो.

यावर उपाय आपल्या ग्रामसभेच्या हातात काही प्रमाणात आहे. वनहक्क कायदा २००६ नुसार ज्या ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, त्यांना आपल्या हद्दीतील वनाचे व्यवस्थापन व रक्षण करण्याचा अधिकार आहे, आणि सरपणाचा वापर घरगुती गरजेपुरता असल्याचे ठरावाने नोंदवता येते. जंगलातून येणाऱ्या लाकडाच्या वाहतुकीला वनविभागाचा परवाना लागतो. कारखान्याच्या दारात उतरणाऱ्या गाडीसोबत तो आहे काय, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. माझे वैयक्तिक मत असे, की भट्टीने आरागिरणीचा भुसा, कुट्टी केलेली पऱ्हाटी आणि रानात माजलेली घाणेरी यांपलीकडे पाहू नये. घाणेरी, जिला काही भागांत रायमुनिया म्हणतात, ती काढली तर खालचे गवतही परत येते. मात्र ती काढण्याची मजुरी आपल्या गटाला मिळावी आणि काढलेल्या जागेवर काय लावायचे हे गावाने ठरवावे, या दोन्ही गोष्टी गाडी भरण्याआधी कागदावर याव्यात. ठरावाचा मसुदा हवा असल्यास मासिकाच्या पत्त्यावर कळवा. साधा दोन पानी नमुना पाठवतो.